एक्केचाळिसावी बरणी

ब्रिस्बेन
बुधवार, दुपारी साडेतीन

प्रिय रीस,

आपण वेगळे झाल्यापासून तुला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, आणि तेही हाताने. स्टुडिओतला माझा संगणक मी सोमवारी परत केला, हे त्याचं एक कारण. दुसरं शेवटी लिहीन. माझं अक्षर वाईट आहे हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांनी काढलेल्या कार्टून प्राण्यांच्या आत सांधे बसवायचं काम करणाऱ्या माणसाला अक्षराची गरज पडत नाही. तरी तू सावकाश वाच. तू कुठलीच गोष्ट थांबून बघत नाहीस, आणि या पत्रात मुख्यतः त्याचाच हिशेब आहे.

विषय तुला माहीत आहे, तरी क्रमाने मांडते. गुरुवारी सकाळी दहा वाजता टाउन्सव्हिलला चौकशी आयोग ठरवणार आहे की माझ्या वडिलांच्या पाण्याच्या बरण्या पुरावा म्हणून धरायच्या की वगळायच्या. धरल्या, तर जुन्या खाणीच्या सांडपाण्याच्या साठवण तळ्यातलं पाणी त्यांच्या टॅलो क्रीक गावच्या बोअरमध्ये निदान सात वर्षं झिरपत होतं असं सिद्ध होतं. वगळल्या, तर कंपनी म्हणते तेच खरं ठरतं: तळं फुटलं ते दोन वर्षांपूर्वीच्या पुरात, त्याआधी पाणी स्वच्छ होतं, आणि त्याआधी जे आजारी पडले ते आपापल्या नशिबाने पडले. बरण्यांविरुद्ध कंपनीच्या हातात एकच कागद आहे. तो तुझा आहे. एक पान, खाली तुझी सही. "मालिकेतल्या बरण्यांची कल्पना सर्वस्वी माझी आहे. मिस्टर पॅस्को यांच्या घरी पाण्याने भरलेल्या बरण्या मी पाहिलेल्या नाहीत." मार्चमध्ये तू हे शपथेवर लिहून दिलंस. मी ते पान अकरा वेळा वाचलं. "आठवत नाही" असं लिहिलं असतंस तर आज माझ्याकडे लिहायला काही नसतं. पण तुला नेहमी ठसठशीत वाक्यं आवडली.

तुला न आठवणारा तो रविवार मी लिहून काढते. नऊ जून, सहा वर्षांपूर्वी. तू आणि मी डॅडकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. तू तुझ्या कार्टून मालिकेच्या नमुन्याच्या भागाची पटकथा घेऊन अडला होतास. खाडीकाठच्या प्राण्यांचं गाव होतं, गाणं होतं, खेकड्याची शाळा होती, पण गोष्ट पुढे सरकत नव्हती. डॅडच्या मागच्या पडवीत तू दिवसभर वेताच्या खुर्चीत पडून असायचास. डॅडना तेव्हा साखर कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. डावा कान कारखान्याने नेला, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा कान करून, मान तिरकी धरून ऐकायचे. पहिल्या दिवशी तू त्यांना "मिस्टर पॅस्को" म्हणालास, तर ते म्हणाले, "बेव्हन म्हण. मिस्टर पॅस्को म्हटलं की मला वाटतं बँकेचा माणूस आला."

दर रविवारी सकाळी सात वाजता ते बोअरचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवायचे, बीटाची रिकामी बरणी तीनदा त्याच पाण्याने विसळायचे, मग भरायचे आणि झाकण घट्ट लावायचे. मग लेबल. तारीख, वेळ, रंग, वास, आणि शेवटच्या ओळीत हजर असलेल्या दुसऱ्या माणसाचं नाव. ही शेवटची ओळ कारखान्याची सवय होती. तिथे दुरुस्तीच्या नोंदीवर एकट्याची सही चालत नसे. जो कोणी जवळ उभा असेल त्याला बोलावून त्याचं नाव घालायचं, मग तो झाडूवाला असो की मॅनेजर. पहिल्या बरणीवर माझं नाव आहे. त्या दिवशी सप्टेंबरातला पहिला रविवार, म्हणजे फादर्स डे होता, मी घरी गेले होते, आणि भेट म्हणून नेलेले मोजे हातात धरून नळापाशी उभी होते. मलाही तेव्हा वाटलं होतं, डॅडना करमत नाही. पुढे शेजारच्या जॉयसचं नाव वीस-बावीस वेळा आहे. ती रविवारी अंडी द्यायला यायची आणि म्हणायची, "लिही बाबा लिही, मी मेले तर निदान बरणीवर तरी नाव राहील."

त्या रविवारी जॉयस आली नव्हती. मी आंघोळ करत होते. म्हणून डॅडनी तुला हाक मारली. तू आलास, सगळं बघितलंस, आणि नळाखाली ग्लास धरून घटाघट प्यायलास. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा तू हात पसरून उभा होतास. "बघा बेव्हन, जिवंत आहे." डॅड हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि लेबलावर लिहिलं. तू सही केली नाहीस. म्हणालास, "मला या कटात ओढू नका." मग त्यांनीच तुझं नाव घातलं. दुपारी तू फोनने बरण्या मांडलेल्या फळीचे फोटो काढलेस, आणि निघताना त्यांची निळी वही मागून घेतलीस. "दोन दिवसांत परत करतो." त्या वहीत बरण्यांच्या सगळ्या नोंदी होत्या. ती वही आजपर्यंत परत आलेली नाही. घर बदलताना हरवली म्हणालास. मी मानलं. तेव्हा मी बरंच काही मानत होते.

परत येताना, गाडीत, तुला गोष्ट सापडली. मी गाडी चालवत होते आणि तू पाय डॅशबोर्डवर ठेवून बोलत होतास. "गावात एक म्हातारा पेलिकन. क्लेम. त्याला सगळ्याचा संशय. पाणी चोचीत धरून चाखतो, बरण्या भरतो, लेबलं लावतो. सगळे हसतात. आणि अकराव्या मिनिटाला त्याचंच खरं निघतं." मी म्हटलं, दर वेळी खरं निघालं तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवायला लागतील. तू म्हणालास, "नाही ना टॅम, हीच तर गंमत. वेड्याचं कधीच खरं ठरलं नाही तर तो नुसता वेडा. खरं ठरलं की विनोद होतो. आणि पुढच्या भागात कुणालाच काही आठवत नाही, क्लेम परत पहिल्यापासून." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मालिकेचा अख्खा डोलारा त्या एका नियमावर उभा राहिला.

यात माझा वाटा किती, तेही लिहिते. नाहीतर तू म्हणशील की मी माझ्या सोयीने मोजते. क्लेमचे सांधे मी बसवले. चित्रात मान सरळ होती. उजवीकडे सतरा अंश कलणं मी घातलं, आणि ऐकताना आधी डोळा, मग मान, मग चोच असा क्रमही मीच लावला. मला वाटलं, डॅडना ते आवडेल. प्रेमाने केलेली गोष्ट निरुपद्रवी असते असं मी तेव्हा धरून चालले होते. पहिली चाचणी पडद्यावर आली तेव्हा अख्खी खोली हसली. मीही हसले. हे मी आयोगालाही लिहून दिलं आहे.

मालिका सुरू व्हायच्या आधी वाहिनीने तुझ्याकडून नेहमीचा कागद भरून घेतला: यातलं काहीही कुठल्या जिवंत माणसावरून घेतलेलं नाही. मी तुझ्या टेबलापाशी उभी होते. मी म्हटलं, यात खोटं आहे, डॅडना विचार, त्यांची परवानगी घे, एक ओळ लिही. हा कागद उद्या कुणीतरी त्यांच्याविरुद्ध वापरेल. तू खुर्ची फिरवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "कोण वापरेल? पेलिकनविरोधी आघाडी?" मग मान सतरा अंश तिरकी केलीस. खोली पुन्हा हसली. त्यानंतर वर्षभर मला स्टुडिओत "क्लेमची पोरगी" म्हणत होते. आपण वेगळे झालो ते त्यावरून नाही, असं तू सगळ्यांना सांगतोस. बरोबर आहे. आपण वेगळे झालो ते त्या हसण्यात तुझा आवाज सगळ्यांत आधी आला म्हणून.

डॅडनी सगळे सव्वीस भाग बघितले. पहिला भाग माझ्यासमोर बघितला, गुडघ्यावर चहाचा मग ठेवून. मी दाराशी उभी राहिले होते, बसवत नव्हतं. संपल्यावर ते म्हणाले, "पक्ष्याचं म्हणणं बरोबर आहे. पण बरणी विसळत नाही तो. तीनदा विसळायला पाहिजे." एवढंच. तुला निरोप द्यायला सांगितला होता. मी दिला होता. तू तो चौथ्या भागात वापरलास.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू टॅलो क्रीकला पुन्हा गेला नाहीस. पेट्रोल पंपावरचा गॉर्डी, ज्याच्याबरोबर डॅड वीस वर्षं मासेमारीला गेले, तो एके दिवशी म्हणाला, "काय रे क्लेम, आज चोचीत काय सापडलं?" त्यात वाईट हेतू नव्हता. महिन्याभरात सगळं गाव क्लेम म्हणायला लागलं. पबमध्ये त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून लोक वाट बघत बसायचे. डॅड गावाच्या कौन्सिलपुढे बारा बरण्या खोक्यात घालून घेऊन गेले. त्याआधी दोनदा गेले होते तेव्हा त्यांना निदान खुर्ची दिली होती आणि "बघतो" म्हणाले होते. या वेळी अध्यक्ष म्हणाले, "बेव्हन, पुढच्या भागात काय होणार तेवढं आधी सांगून टाक, म्हणजे आम्ही सुटलो." सभेच्या नोंदीत कंसात "हशा" असं लिहिलं आहे. मी ती नोंद मिळवली. बरण्यांचा तिच्यात उल्लेख नाही, हशाचा आहे. डॅड खोकं उचलून घरी आले, आणि पुढच्या रविवारी सात वाजता त्यांनी नेहमीसारखी बरणी भरली. फक्त कौन्सिलकडे जाणं बंद केलं.

जॉयस पुराच्या तीन महिने आधी गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ती बासष्टची होती. बरण्या वगळल्या गेल्या तर आयोगाच्या हिशेबात जॉयस कशानेच मेली नाही. पूर ओसरल्यावर सरकारी माणसं आली, तपासणी झाली, पाण्यात कॅडमियम निघालं, बोअरला कुलूप लागलं. त्यानंतर चार महिन्यांनी डॅडचे रिपोर्ट आले. आता आठवड्यातून तीन दिवस ते बसने टाउन्सव्हिलला डायलिसिसला जातात. ते पाणी त्यांनी प्यायचं केव्हाच सोडलं होतं, पण मागच्या वाफ्यातली पालेभाजी, बीट, भोपळे त्याच पाण्यावर होते. तेवढं एक त्यांच्या ध्यानात आलं नाही. सगळ्या गावाला वाटलं डॅडचा संशय फार झाला. खरं तर तो कमी पडला.

चौकशी बसली तेव्हा मला वाटलं, आता बरण्या आहेत, आता कुणी हसणार नाही. पहिल्याच दिवशी कंपनीच्या वकिलाने मालिकेतला एक तुकडा लावला. मग तो फार नम्रपणे बोलला. आयोगाने लक्षात घ्यावं, ही मालिका चार वर्षं लोकप्रिय आहे. मिस्टर पॅस्को यांनी ती आवडीने बघितली हे ते स्वतःच सांगतात. एका एकाकी वृद्ध गृहस्थाने आवडत्या पात्राचं अनुकरण करावं, पुरानंतर बरण्या भरून त्यांवर मागच्या तारखा टाकाव्यात, यात दुष्टपणा नाही, करुणा आहे. माझी साक्ष मुलीची साक्ष म्हणून बाजूला राहिली. जॉयस साक्षीला येऊ शकत नाही. वही तुझ्याकडे, म्हणजे कुठेच नाही. बाहेर आल्यावर डॅड बाकावर बसले. मग म्हणाले, "त्या पक्ष्याने माझी नक्कल केली की मी त्याची, ते एकदा ठरवून सांगा. म्हणजे मला तसं वागता येईल."

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू जेवत होतास. मी एवढंच मागितलं की तू त्या रविवारी तिथे होतास आणि बरण्या बघितल्यास असं एका ओळीत लिहून दे. तू म्हणालास की मालिकेवरच्या चित्रपटाचा करार तोंडावर आहे, तो मूळचा कागद खोटा ठरला तर सगळं थांबेल, तीनशे माणसांची कामं जातील. मग आवाज मऊ केलास. "आणि खरं सांगू का टॅम, मला नीट आठवतही नाही. तू हल्ली अगदी क्लेमसारखी बोलतेस. सगळे तुमच्याविरुद्ध आहेत असं नसतं गं." दोन आठवड्यांनी कंपनीने तुझं शपथपत्र दाखल केलं. "नीट आठवत नाही" मधलं "नीट" कुठे गेलं, आणि "आठवत नाही" चं "पाहिलेल्या नाहीत" कुणी केलं, हे मी तुला विचारणार नाही. सही तुझी आहे.

आता दिमित्राबद्दल. तुला ती आठवते का? आमच्या स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवायची. साठीला आलेली ग्रीक बाई, जेवायला रोज डब्यात तेच ऑलिव्ह आणि पांढरं चीज. क्लेमच्या झोपडीची पहिली पार्श्वभूमी तिने रंगवली. सहा आठवड्यांपूर्वी चित्रपटासाठी जुन्या सगळ्या फायली नव्या यंत्रणेत हलवायचं काम माझ्याकडे आलं. असं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते मला दिलं गेलं. तुला माहीत असायला हवं, पण बहुधा नाही, की कॅमेरा जवळ नेता यावा म्हणून आम्ही पार्श्वभूमी पडद्याच्या चौपट मोठी रंगवतो. टीव्हीवर क्लेमच्या फळीवरची लेबलं सहा ठिपक्यांएवढी दिसतात. मूळ फाईल मी पूर्ण मापात उघडली आणि मला लेबलं वाचता आली.

एक्केचाळीस बरण्या. दोन सप्टेंबर, माझं नाव. नऊ सप्टेंबर, जॉयस. डॅडच्या हातचा आडवा पाडलेला सात, त्यांचा खालून वर चढणारा "वास: नाही", "वास: खिळ्यासारखा". तू दिलेला फोटो समोर ठेवून तिने एकेक लेबल जसंच्या तसं ब्रशने उतरवलं होतं. मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. ती अंगणात लिंबाला पाणी घालत होती. मी विचारलं, तू हे सगळं का उतरवलंस? ती म्हणाली, "अगं, मला फळी रंगव म्हणाले, मी फळी रंगवली. समोर दिसेल ते रंगवते मी. वाच असं कुणी सांगितलं होतं?" मग पाण्याची झारी खाली ठेवून तिने विचारलं, "का, काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, नाही दिमित्रा, तुझं काहीच चुकलं नाही.

फाईलवरची तारीख सव्वीस ऑगस्ट आहे. तू टॅलो क्रीकला गेल्याला अकरा आठवडे आणि एक दिवस. पुराला अजून साडेतीन वर्षं होती. रंगाच्या थराखाली दुसरा थर बंद करून ठेवलेला आहे, त्यात तुझा मूळ फोटो, काढल्याच्या वेळेसकट: नऊ जून, दुपारी दोन चाळीस. आणि उजवीकडून शेवटची, एक्केचाळिसावी बरणी. तिच्या लेबलावर डॅडनी जे लिहिलं होतं ते मी त्या दिवशी केस पुसताना वाचलं नव्हतं. दिमित्राने रंगवलं म्हणून मला ते सहा वर्षांनी वाचायला मिळालं. "रंग: स्वच्छ. वास: खिळ्यासारखा. हजर: रीस ओग्डन. एक ग्लास प्यायला. हसला."

तुझं नाव तुझ्याच मालिकेच्या पहिल्या भागात, पाचव्या मिनिटाला, क्लेमच्या डोक्यामागे आहे. तू तो भाग किमान शंभर वेळा बघितला असशील. तू नेहमी तोंडं बघतोस, विनोद वेळेवर पडतो की नाही ते बघतोस. मागे काय आहे ते तू कधी थांबवून बघितलं नाहीस.

डॅडनी ती बरणी जपून ठेवली आहे, पण तिच्या लेबलावरची पेन्सिल आता तारखेपुरतीच वाचता येते. आयोगाच्या रसायनतज्ज्ञाने तिच्यातलं पाणी तपासलं. आकडे मी इथे लिहीत नाही. एका ग्लासाने माणसाला काही होत नाही, असं तो म्हणाला. आठ दिवसांनीही नाही. हे वाक्य तुला न सांगताही पत्र पुरं झालं असतं, आणि मी नऊ दिवस तसाच विचार करत होते. पण डॅडच्या लेबलांवर कधी अर्धी नोंद नसायची, म्हणून लिहिलं.

सोमवारी मी ती फाईल आणि माझं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या वकीलबाईंकडे दिलं. स्टुडिओतली फाईल बाहेर नेली म्हणजे करार मोडला, म्हणून त्याआधी तासभर राजीनामा दिला. माझ्या कामाचं काय होईल ते होईल. वकीलबाईंनी फाईल शांतपणे बघितली, चष्मा काढला, आणि गुरुवारचा क्रम मला सांगितला. आधी तुला उभं करतील. आधी विचारतील की तुझं शपथपत्र तुला आजही मान्य आहे का, त्यातला एखादा शब्द बदलायचा आहे का. दोनदा विचारतील. तू नाही म्हणालास की मग पडदा लावतील, आणि क्लेमच्या डोक्यामागे हळूहळू जवळ जातील.

काल मी टाउन्सव्हिलला जाऊन हे सगळं डॅडना सांगितलं. ते मशीनला जोडलेले होते, हातात सुई. उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, "पोरगा आहे तो. नोंद चुकली तर कारखान्यात आधी त्याच माणसाला दाखवायचो आम्ही, मग मॅनेजरला. त्याला लिही. त्याला स्वतःहून खोडायची संधी दे." मी म्हटलं, लिहिते. तेच मी आज करते आहे. मी त्यांचा शब्द मोडलेला नाही. फक्त पत्र कधी टाकायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. टाउन्सव्हिलला जाणारं तुझं विमान आज दुपारी दोन दहाला सुटलं. ते सुटल्याचं बघून मी लिहायला बसले. आता साध्या टपालाने, तुझ्या वेस्ट एंडच्या घरच्या पत्त्यावर हे टाकते आहे. तू तिथून परत येशील, दार उघडशील, तेव्हा हे आतल्या पायपुसण्यावर पडलेलं असेल. म्हणजे तू हे वाचतोस तेव्हा तुला दोनदा विचारून झालेलं आहे, आणि तू काय उत्तर दिलंस ते तुला माझ्याआधी माहीत आहे. एक शब्द बदलला असशील, तर डॅडचं बरोबर होतं आणि या पत्राची मला जन्मभर लाज वाटेल. पण मी तुला आठ वर्षं ओळखते, रीस. तू तो बदलला नसशील. आणि या वेळी पुढच्या भागात सगळ्यांना सगळं आठवणार आहे.

तुझीच, क्लेमची पोरगी,
टॅमसिन